चार ट्रेंची जागा आणि पाचवा ट्रे

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एक लाइन रात्रपाळीला अधूनमधून उभी राहायची. अलार्म नाही, मोटार ट्रिप नाही, पॅनेलवर सगळे दिवे हिरवे. मी टॉर्च मारून पाहिलं. भरणी यंत्र आणि सीलिंग यंत्र यांच्यामधल्या टेबलावर चार ट्रेंची जागा, आणि चारही भरलेल्या. सीलिंग यंत्राच्या पकडीत पाचवा ट्रे. त्याचं सील नीट बसलं नव्हतं, म्हणून तो पुन्हा टेबलावर ठेवायचा होता. पण जागा व्हायची तर त्याच यंत्राने टेबलावरचा ट्रे उचलायला हवा, आणि त्याची पकड तर अडकलेली!

‘टेबल भरलं की भरणी सुरू करू नये’ हा इंटरलॉक, म्हणजे यंत्राला रोखून धरणारी अट, चोख पाळला जात होता. तरी लाइन ठप्प.

या कोड्याचं गणित टोरांटो विद्यापीठात पीटर रॅमेज आणि मरे वॉनम यांनी १९८०च्या दशकात मांडलं. यंत्राचं काम म्हणजे घटनांची साखळी: सुरू झालं, संपलं, बिघडलं, नापास झालं. यातल्या काही घटना आपण रोखू शकतो, काही नाही. ‘सुरू’ हे आपल्या हातात असतं. सुरू झालेली भरणी संपणारच, आणि सील नापास होणं कुणाला विचारून होत नाही. म्हणून संकट जिथे दिसतं तिथे मनाई घालून भागत नाही. मागे मागे जात शेवटची रोखता येणारी घटना गाठावी लागते. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. त्यांचा ‘पर्यवेक्षक’ म्हणजे माणूस नव्हे, घटनांवर नजर ठेवणारा नियंत्रक. तो यंत्राला काहीही करायला लावत नाही, फक्त मनाई करतो. तीही कमीत कमी, म्हणजे सुरक्षितता आणि काम पूर्ण होण्याची वाट राखून जेवढी मोकळीक देता येईल तेवढी सगळी देतो. आणि हे अंदाजाने नव्हे, हिशेबाने सिद्ध होतं.

अडचण हिशेबाच्या आकाराची आहे. रिकामं, चालू, बिघडलेलं अशा तीन अवस्थांची दहा यंत्रं घेतली तर एकत्रित अवस्था ५९,०४९. वीस घेतली तर ३४८ कोटींच्या वर. म्हणून मोठ्या प्लांटसाठी एकच पर्यवेक्षक न करता छोटे छोटे करतात. मग ते एकमेकांना अडवत नाहीत ना, हेही तपासावं लागतं.

आमच्या लाइनला एवढं काही लागलं नाही. पीएलसीच्या, म्हणजे लाइन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, लॅडर प्रोग्रॅममधली एक अट बदलली: टेबलावरचे आणि सीलिंग यंत्रातला मिळून चारपेक्षा कमी ट्रे असतील, तरच भरणी सुरू.