स्वमग्नतेच्या लक्षणांची आनुवंशिकता

स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) लक्षणांबाबत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यात जनुकांचा वाटा किती, याचा वर्तन-आनुवंशिकीत होणारा अभ्यास. निदान झालेल्यांइतकेच यात इतरांकडेही लक्ष असते. गप्पांत सहज न मिसळणे, ठरलेला क्रम मोडला की अस्वस्थ होणे, बारीकसारीक तपशिलांत रमणे हे कमीअधिक प्रमाणात सगळ्यांतच आढळते.

अभ्यासाचा मुख्य आधार जुळी मुले. एकबीज जुळ्यांचा जनुकसंच जवळजवळ तंतोतंत सारखा असतो. द्विबीज जुळी मात्र इतर भावंडांइतकीच, म्हणजे सरासरी निम्मी सारखी. म्हणून एखाद्या लक्षणात एकबीज जुळी द्विबीजांपेक्षा जास्त सारखी निघाली, तर त्यात जनुकांचा हात दिसतो. सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७७ साली, किमान एक मूल स्वमग्न असलेल्या अशा २१ जोड्या तपासल्या. ११ एकबीज जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. १० द्विबीज जोड्यांत अशी एकही नव्हती. आकडे लहानच. पण आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले, हा आरोप आयांना वर्षानुवर्षे ऐकावा लागला होता. त्या आरोपाला या आकड्यांनी जबर धक्का दिला, आणि या संशोधनाचे हे देणे विसरता कामा नये.

पुढचा महत्त्वाचा टप्पा अँजेलिका रोनाल्ड, फ्रान्सेस्का हॅपे आणि रॉबर्ट प्लोमिन या संशोधकांचा. इंग्लंड व वेल्समध्ये १९९४ ते १९९६ दरम्यान जन्मलेल्या जुळ्यांच्या पालकांना त्यांनी साधे प्रश्न विचारले: मूल इतर मुलांच्या खेळात सहज शिरते का? तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा करते का? तीन हजारांहून अधिक जोड्यांच्या उत्तरांतून दिसले, की सामाजिक अडचणी, संवादातल्या अडचणी आणि तोचतोचपणा या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आनुवंशिक आहेत. पण त्यांमागची जनुके मोठ्या प्रमाणात वेगवेगळी आहेत. एकात अडखळणारे मूल दुसऱ्यात अडखळेलच असे नाही. म्हणून स्वमग्नतेचे एकच एक कारण शोधणे थांबवावे, असे या तिघांनी २००६ साली मांडले. एकाच निदानाची दोन मुले इतकी निराळी का असतात, हे यातून कळते.

लक्षणे तीव्र असोत वा सौम्य, आनुवंशिकता साधारण तेवढीच भरते. निदानाची रेषा माणसांनी आखलेली आहे, या मताला त्यातून बळ मिळते.

आनुवंशिकतेच्या आकड्याचा अर्थ मात्र अनेकदा चुकीचा लावला जातो. पाच देशांतल्या नोंदींवरून २०१९ साली स्वमग्नतेची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के निघाली. याचा अर्थ एखाद्या मुलाची ८० टक्के स्वमग्नता जनुकांतून आली, असा होत नाही. हा आकडा समूहातल्या फरकांचा आहे, कुणा एकाचा नव्हे.

त्याच वर्षी अठरा हजारांहून अधिक स्वमग्न व्यक्तींच्या जनुकीय तपासणीत सर्वसामान्य, म्हणजे अनेक लोकांत आढळणाऱ्या जनुकीय बदलांची पाच ठिकाणे खात्रीने सापडली. त्यांतल्या प्रत्येकाचा परिणाम इतका बारीक आहे, की त्यावरून कुठल्याही बाळाचे भाकीत करता येत नाही.