स्पेनमधली ती ‘दहीहंडी’

गोकुळाष्टमी आली की फोटो फिरतो, “आपली दहीहंडी स्पेनला पोचली!” दिसतं सेमच, त्यामुळे वाटणं साहजिक आहे. पण ते स्पेनच्या कातालोनिया प्रांतातले कास्टेल, म्हणजे माणसांवर माणसं चढवून रचलेले मनोरे. विलाफ्रांका देल पेनेदेस, वाइनच्या द्राक्षांचा मुलूख, तिथे सांत फेलिक्सच्या उत्सवात ३० ऑगस्टला थर लागतात, तारीख फिक्स, तिथीबिथी नाही. मूळ व्हॅलेन्सियाकडच्या एका नाचात, शेवटी एकमेकांवर चढायचे, ते १८व्या शतकाच्या अखेरीस वाल्स गावात उंच होत गेलं.

चेक करायचंय? फोटो झूम करा, वर हंडीच नाहीये! कमरेला लांब पट्टा गुंडाळलेला असतो, त्यात पाय रोवून चढतात, वरचं पोर नुसता हात वर करतं आणि उतरतं, अन् सगळे नीट उतरले तरच थर पूर्ण धरतात, आपल्यासारखं फुटली की झालं असं नाही.