औषधी वनस्पतींचे ऊतिसंवर्धन

औषधी वनस्पतीचा कोंब, पानाचा काप किंवा खोडाचे पेर निर्जंतुक पोषक माध्यमावर वाढवून त्यापासून नवी रोपे, किंवा रोप न करताच थेट औषधी द्रव्ये मिळवण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. एका जिवंत पेशीतून अख्खे झाड उभे राहू शकते, ही तिच्यामागची कल्पना ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गोटलीब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडली. आज सर्वत्र वापरले जाणारे मुराशिगे-स्कूग (एम.एस.) माध्यम १९६२ सालचे आहे. त्यात क्षार, जीवनसत्त्वे, साधारण तीन टक्के साखर आणि घट्टपणासाठी आगर असते. ऑक्झिन व सायटोकायनिन या संप्रेरकांचे प्रमाण बदलले की त्याच तुकड्याला कधी मुळे फुटतात, कधी कोंब, तर कधी नुसता पेशींचा गोळा म्हणजे कॅलस तयार होतो.

पुण्यात या कामाचे जुने घर म्हणजे पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (स्थापना १९५०). रसायनशास्त्राच्या या संस्थेत पूर्ण वाढलेल्या सागाच्या कोंबांपासून रोपे झाली. निसर्गात अनेक दशकांनी एकदाच फुलणारा बांबू तिथे काचेच्या नळीत काही महिन्यांत फुलला आणि ते संशोधन १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. झाडाचे वय आणि ऋतू यांची बंधने माध्यमातल्या संप्रेरकांनी सैल करता येतात, हे त्यातून दिसले. औषधी वनस्पतींसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे.

सह्याद्रीच्या दृष्टीने सर्वांत निकडीचे उदाहरण नरक्या या रानटी झाडाचे. याची फुले दुर्गंधी असतात. मुळांत आणि सालीत कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य असते. ते प्रथम एका चिनी वृक्षातून १९६६ मध्ये वेगळे केले मनरो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी. नरक्यात ते असल्याचे १९७२ मध्ये कळले. त्यापासून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे आज अंडाशय, फुप्फुस व मोठ्या आतड्याच्या कर्करोगात वापरतात. पण मुळे हवीत म्हणजे झाड उपटणे आले, आणि त्यामुळे पश्चिम घाटात नरक्याची चोरटी तोड झाली. रुग्णाला औषध मिळावे आणि जंगलही उभे राहावे, यासाठी ऊतिसंवर्धनाचा मार्ग धरावाच लागेल.

तो मार्ग सोपा मात्र नाही. कॅलस झपाट्याने वाढतो, पण त्यात कॅम्प्टोथेसिन अत्यल्प उतरते. अशी द्रव्ये झाड बहुधा स्वसंरक्षणासाठी करते आणि त्यांची निर्मिती अनेकदा मूळ, साल अशा घडलेल्या अवयवांत होते. आकार नसलेल्या गोळ्याला ते जमत नाही. म्हणून मिथाइल जास्मोनेटसारखी द्रव्ये देऊन पेशींना हल्ला झाल्याचा भास करून देतात. दुसरा उपाय म्हणजे एका मातीतल्या जिवाणूच्या जनुकांनी केसाळ मुळे वाढवणे. अश्वगंधेत विथॅनोलाइड या तिच्यातील औषधी द्रव्यांसाठी हे करून पाहिले आहे. मोठ्या टाकीत पेशी वाढवून औषध काढणे अशक्य नाही: जपानमध्ये १९८० च्या दशकात शिकोनिन हे लालसर रंगद्रव्य असेच बाजारात आले आणि पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषधही पेशीसंवर्धनातून बनते.

रोजच्या कामात खरा शत्रू बुरशी. माध्यम १२१ अंश सेल्सिअसला ऑटोक्लेव्ह केलेले, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेले असते, लावणी लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा वाहणाऱ्या कपाटात, ज्योतीजवळ होते. तरीही रानातून आणलेल्या खोडात बुरशी आतूनच लपलेली असते. पावसाळ्यातल्या फांद्या घेतल्या की कंटॅमिनेशन, म्हणजे बुरशी-जिवाणूंचा शिरकाव, वाढते. पुण्यात म्हणूनच उन्हाळ्यातले कोवळे शेंडे पसंत करतात.

रोपे हवी असतील तर शेवटची पायरी सरावणीची. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो, पर्णरंध्रेही नीट मिटत नाहीत. असे रोप एप्रिलच्या उन्हात थेट ठेवले तर तासाभरात मान टाकते. त्यामुळे मुळांचे आगर धुऊन रोप कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावतात, वर प्लॅस्टिक झाकतात आणि काही आठवडे रोज थोडे थोडे उघडत जातात.