गप्प राहणं आणि वकील मागणं: अमेरिकी पोलिसांसमोरचे दोन वेगळे हक्क

अमेरिकेत ताब्यातल्या माणसाची चौकशी सुरू करण्याआधी पोलिसांना जी सूचना द्यावी लागते, तिच्यात गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हे दोन्ही हक्क एका दमात सांगितले जातात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ च्या मिरांडा निकालापासून हे चालत आलं आहे. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, दोन्हींपैकी कुठलाही वापरला तरी एकच. तसं अजिबात नाही. वकील मागितल्यावर पोलिसांचे हात जास्त घट्ट बांधले जातात.

‘मला बोलायचं नाही’ म्हटल्यावर पोलिसांना थांबावंच लागतं, पण कायमचं नाही. डेट्रॉइटमध्ये मोझ्ली नावाच्या आरोपीने जबरी चोऱ्यांबद्दल बोलायला नकार दिला. दोन तासांहून जास्त वेळाने दुसऱ्या अधिकाऱ्याने नव्याने सूचना देऊन त्याला एका खुनाबद्दल विचारलं आणि तो बोलला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जबाब ग्राह्य धरला.

एडवर्ड्स नावाच्या आरोपीने मात्र वकील मागितला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन डिटेक्टिव्ह आले, सूचना दिली, कबुली मिळवली. १९८१ मध्ये ती बाद ठरली. वकील हजर नसेल, तर आरोपीने आपणहून विषय काढल्याशिवाय प्रश्न विचारता येत नाहीत. वकिलाशी आधी बोलणं झालं आहे, एवढ्याने भागत नाही. प्रश्नांच्या वेळी तो शेजारी हवा. कोठडीतून सुटून १४ दिवस उलटले की हे कवच संपतं.

लोक फसतात ते शब्दांत. ‘बहुतेक मी वकिलाशी बोलायला हवं’ हे १९९४ मध्ये वकील मागणं धरलं गेलं नाही. नुसतं गप्प बसणंही पुरत नाही. थॉम्पकिन्स नावाचा आरोपी जवळजवळ पावणेतीन तास फारसं बोललाच नाही. शेवटी ‘त्या मुलाला गोळी घातल्याबद्दल देवाकडे क्षमा मागतोस का?’ या प्रश्नाला तो ‘हो’ म्हणाला, आणि २०१० मध्ये तेवढं ‘हो’ त्याच्याविरुद्ध ग्राह्य ठरलं. वकील मागून झाल्यावर ‘आता माझं काय होणार?’ असं सहज विचारणंही महागात पडतं: १९८३ च्या ब्रॅडशॉ खटल्यात त्यालाच आपणहून बोलणं सुरू करणं मानलं गेलं.

म्हणून दोन्ही गोष्टी स्पष्ट, ‘कदाचित’ न लावता म्हणाव्यात: मी गप्प राहणार आहे, मला वकील हवा आहे. मग खरोखर थांबावं, हवापाण्याच्या गप्पासुद्धा नकोत. वकील लगेच हजर करण्याचं बंधन पोलिसांवर नसतं. बंधन प्रश्न थांबवण्याचं असतं, तेव्हा तासन्‌तास वाट पाहावी लागली तरी डगमगू नये. गाडी चालवताना अडवलं तर लायसन्स मात्र दाखवावंच लागतं, आणि काही राज्यांत संशयावरून थांबवलेल्याला नाव सांगावं लागतं.

व्हिसावर राहणाऱ्या आपल्या लोकांनाही फौजदारी चौकशीत हे दोन्ही हक्क आहेत. इमिग्रेशन कोर्टातल्या सुनावणीला वकील नेता येतो, पण साधारणपणे तो स्वतःच्या खर्चाने.