यंदा काय लावलंय?

वाचनालयातल्या जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी डकवलेली असते. तिच्यावर परतीच्या तारखांचे शिक्के असतात, जांभळ्या शाईचे, तिरके, एकमेकांच्या अंगावर चढलेले. पुस्तक हातात आलं की मी आधी तिकडे जातो. शिक्क्यांची दाटी असेल तर पुस्तक घरी येतं. 1987नंतर थेट 2004चा शिक्का दिसला, की प्रस्तावना चाळून बघतो. कधीकधी त्याच पानावर पेन्सिलीने कुणीतरी 'अवश्य वाचा' लिहिलेलं असतं आणि खाली दुसऱ्या अक्षरात 'अजिबात नको'. रहस्यकथा असेल तर खुनी कोण हे पहिल्याच पानावर लिहून ठेवणारे महाभागही असतात. त्यांना काय म्हणावं ते इथे लिहिता येत नाही.

'सध्या काय वाचताय?' हा प्रश्न आपण 'जेवलात का?' इतक्या सहज विचारतो. मराठीत तो फार जुना नाही.

माझी आजी तो वेगळ्या शब्दांत विचारायची. आषाढ सरत आला की देवळाकडून येणाऱ्या शेजारणीला ती ओट्यावरूनच हाक मारी, "काय गं, यंदा काय लावलंय?" पोथी 'लावतात'. एक जण वाचतो, पंचवीस-तीस माणसं ऐकतात, अधूनमधून कुणी पेंगतं. उत्तरंही ठरलेली असत: हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप, नाहीतर नवनाथ. यांतल्या पहिल्या तिन्ही पोथ्या श्रीधरांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ओव्यांत रचल्या, आणि त्या दोन-अडीचशे वर्षं चातुर्मासात गावोगाव फिरत राहिल्या. गेल्या वर्षी ऐकलेलं यंदा पुन्हा ऐकायचं, त्यातच पुण्य. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय रोज म्हणणाऱ्या बाईला 'मग, नवीन काय?' असं विचारणं वेडेपणाचं झालं असतं. काय वाचायचं हे पंचांग ठरवी, आवडनिवड नव्हे.

'सध्या काय वाचताय?' हा प्रश्न पडायला माणसाच्या आवाक्यापलीकडची पुस्तकं निघावी लागतात, आणि त्यांतून निवडण्याचा हक्क ज्याचा त्याला असावा लागतो. पहिली गोष्ट छापखान्याने केली. दुसरी सहज झाली नाही.

मराठी पुस्तकं छापण्याचा उद्योग 1805च्या सुमारास दूर बंगालात, श्रीरामपूरला मिशनऱ्यांनी सुरू केला. 1831मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापलं आणि छापील शाई विटाळाची की नाही, यावर वाद घालणाऱ्या घरांतही ते पोचलं. पुढच्या वीसेक वर्षांत क्रमिक पुस्तकं, व्याकरणं, नीतिकथा निघाल्या. छपाई महाग आणि गिऱ्हाईक अनिश्चित, म्हणून ग्रंथकार आधी वर्गणीदार गोळा करी आणि पुस्तकाच्या शेवटी त्यांची नावं छापी: आश्रयदात्यांची यादी. अमुक रावसाहेब, इतक्या प्रती. तमुक शास्त्री, एक प्रत. कोण काय वाचतंय हे छापून सांगण्याचा मराठीतला हा अगदी सुरुवातीचा प्रकार. ज्यांची नावं छापली त्यांनी पुस्तक वाचलंच असेल असं नाही, पण ते तर आजही खरं आहे.

त्याच काळात दुसरी एक यादी तयार होत होती, आणि ती सरकारी होती. पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजांनी ती आटवत आणली, आणि 1849मध्ये पुण्यातल्या काही तरुणांनी मागणी केली की त्यातले पैसे मराठी ग्रंथांच्या बक्षिसांना लावा. लोकहितवादी त्यांत होते, आणि सनातन्यांच्या दांडगाईपासून या मंडळींना सांभाळायला जोतीराव फुले आपली माणसं घेऊन उभे राहिले होते. यातून दक्षिणा प्राइज कमिटी आली. कुठलं पुस्तक चांगलं हे पैशाच्या जोरावर सांगणारी ही पहिली मोठी जागा. 1855मध्ये फुल्यांनी आपलं 'तृतीय रत्न' हे नाटक याच कमिटीकडे पाठवलं. कमिटीने ते नाकारलं. ज्या बक्षिसासाठी ते पहाऱ्याला उभे राहिले, त्याच्या दारातून त्यांचं पुस्तक परत आलं. पुढे 'गुलामगिरी'त त्यांनी ते स्वतः नमूद करून ठेवलं आहे.

1857नंतर सरकारला छापील कागदाची वेगळीच काळजी लागली. 1867च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव घालणं, प्रती सरकारात जमा करणं सक्तीचं झालं, आणि दर तीन महिन्यांनी नव्या पुस्तकांची यादी निघू लागली. आज एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांचा शोध घेणारा माणूस या याद्यांना दुवा देतो. त्यांच्यामागे वाचनाची आवड होती, असं मात्र कुणी म्हणू नये.

त्याच वर्षी 'विविधज्ञानविस्तार' निघालं. रामचंद्र भिकाजी गुंजीकर त्याचे संपादक. नव्या पुस्तकांचं परीक्षण त्यात येई, आणि ते मासिक पुढे सत्तर वर्षं चाललं. 1874मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' काढली. तिच्यात पुस्तकांना जो मार बसे तो वाचायला लोक पैसे देत. शास्त्रीबुवांनी नुसतं लिहिलं नाही, 'किताबखाना' नावाचं पुस्तकांचं दुकानही घातलं; म्हणजे पुस्तक कसं आहे तेही सांगायचे आणि विकायचेही. फुल्यांवर त्यांनी जी टीका केली तिच्यात भाषेच्या चुका काढण्यावर भर आहे. वाक्यरचनेवर बोट ठेवलं की आशयाला उत्तर द्यायला नको, ही युक्ती मराठी समीक्षेने तेव्हापासून जपली, असं माझं मत.

11 मे 1878 रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची सभा भरली. आजच्या साहित्य संमेलनाचं मूळ तिथे दाखवतात. 1885च्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी पाठवलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. सभा भरवणाऱ्यांना मारलेला 'घालमोड्या दादा' हा टोला त्यातलाच. त्यांचं म्हणणं असं की जी मंडळी माणसांना माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसायचा नाही. पुस्तकं कोणती, वाचणारे कोण, आणि यादी करणारे कोण, हे तिन्ही प्रश्न त्या एका पत्रात आहेत.

बायकांच्या बाबतीत तर 'काय वाचतेस?' हा प्रश्न आवाज चढवून विचारला जाई. रमाबाई रानड्यांच्या आठवणी 1910मध्ये प्रसिद्ध झाल्या. नवरा शिकवतो आहे, आणि घरातल्याच बायका त्यावरून टोचून बोलताहेत, हे त्यांनी तपशिलात लिहिलं आहे. पुस्तक सुचवणं सोडाच, ते हातात दिसणं हाच अपराध. 1895मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिक काढलं, ते या घरांत शिरलं. हे मित्र मूळचे आजगावकर. बंगालीच्या प्रेमापोटी आडनावच बदललं. 1909मध्ये त्यांनी मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. तिथपासून पाडव्याला, भाऊबीजेला 'यंदा कुठले अंक घेतलेत?' हे विचारणं आपल्या रीतीत बसलं. आजीच्या 'यंदा काय लावलंय?'चा हा थेट वंशज. फरक एवढाच, की उत्तर दरवर्षी बदलू लागलं.

वाचनालयं त्याच्या बरीच आधीपासून होती. रत्नागिरीचं 1828चं, नगरचं 1838चं, नाशिकचं 1840चं, पुण्याचं 1848चं. सुरुवातीला 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणवणाऱ्या या संस्था साहेबाच्या आणि इंग्रजी शिकलेल्यांच्या सोयीच्या. मराठी पुस्तकाला स्वतःचं घर मिळालं ते 1893मध्ये ठाण्यात आणि 1898मध्ये मुंबईत. दोन्ही ग्रंथसंग्रहालयांचा हट्ट एकच: मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक आपल्याकडे हवं. हट्टी माणसांच्या या रांगेत शंकर गणेश दाते यांना मी सर्वांत वरचं पान देईन. 1800 ते 1937 या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी केली आणि नंतर 1950पर्यंत आणली. बरं-वाईट काही न बोलता, फक्त 'हे आहे' एवढंच सांगणारी यादी.

बडोद्याची गोष्ट वेगळी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला, आणि त्याने 1910मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून आणला. त्यांनी संस्थानात फुकट वाचनालयांचं जाळं विणलं. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात. गावाने वाचून झालं की पेटी पुढे. निवड पेटी भरणाऱ्याची, पण घराच्या दाराशी पुस्तक येण्याची ही सोय मराठी आणि गुजराती वाचकाला तेव्हा दुसरीकडे क्वचितच होती.

स्वातंत्र्यानंतर पुस्तक सुचवण्याची सूत्रं खऱ्या अर्थाने काउंटरवर आली. गिरगाव-दादरच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या आठवून बघा. जिन्याखालची जागा, तपकिरी कागदाची कव्हरं, पाठीवर रंगाने घातलेला आकडा, आणि काउंटरमागे सगळं वाचलेला एक माणूस. "ते बाहेर आहे. नंबर लावू का? तोवर हे न्या, तुमच्या वहिनींना आवडलं होतं." मराठीत पुस्तकाची सर्वांत परिणामकारक शिफारस ही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा अशाच हातोहात गेल्या. प्रतिष्ठित मासिकांतून त्यांना एरवी कोण विचारत होतं? सरकारने 1967मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, अनुदानं सुरू झाली, आणि आज मान्यताप्राप्त वाचनालयं 11-12 हजारांच्या घरात आहेत. त्यातल्या सगळ्यांत असा माणूस नाही. एका तालुक्याच्या गावी मला पुस्तकाचं नाव सांगितल्यावर उत्तर मिळालं, "कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे असते, ते सोमवारी येतात."

जानेवारी 1964मध्ये गिरगावातल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळ्यांनी 'ललित' मासिक सुरू केलं. पुस्तकं, लेखक आणि वाचक यांच्यापलीकडे त्यात काही नाही, आणि तरी ते खपलं. नवी पुस्तकं कोणती, कोण काय लिहितंय, एवढं कळावं म्हणून मराठी माणूस महिनाभर वाट बघू शकतो हे त्याने सिद्ध केलं. त्यातल्या ठणठणपाळाने, म्हणजे जयवंत दळवींनी, लेखकांची यथेच्छ टिंगल केली. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी चित्रात त्याच्या हातात भला मोठा हातोडाच दिला होता. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं सदर 'चोखंदळ वाचकांची निवड'. परीक्षणापलीकडे जाऊन 'वाचकांनी काय उचललं' हे छापायची प्रथा त्याने रुळवली. चोखंदळ कुणाला म्हणायचं हा वाद आपला आहेच.

दहा-अकरा वर्षांनी ग्रंथाली आली. दिनकर गांगल आणि त्यांचे मित्र बरेचसे पत्रकार होते. त्यांनी स्वतःला प्रकाशन संस्था न म्हणता 'वाचक चळवळ' म्हटलं. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशेची असताना त्यांनी गणित उलटं मांडलं: आधी वाचक सभासद करा, पैसे आगाऊ घ्या, प्रती जास्त काढा, किंमत उतरवा. एकोणिसाव्या शतकातली आश्रयदात्यांची यादीच ही, फक्त रावसाहेबांच्या जागी बँकेतले कारकून, शाळामास्तर आणि गावोगावच्या प्रदर्शनांत उभं राहून पुस्तक चाळणारी पोरं. 1978मध्ये त्यांनी दया पवारांचं 'बलुतं' हे दलित आत्मकथन काढलं, मागोमाग लक्ष्मण माने यांचं 'उपरा'. ही पुस्तकं 'तू हे वाचलंस का?' म्हणत हातातून हातात गेली. कुणी हादरून दिली, कुणी भांडायला म्हणून. कमिटीने परत पाठवलेल्या 'तृतीय रत्न'ला तोवर सव्वाशे वर्षं होत आली होती.

पेट्याही परत आल्या. 2009पासून नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना चालू आहे. 100 पुस्तकांची एक पेटी, आसपासची काही घरं मिळून ती वाचतात आणि मग आपली पेटी दुसऱ्या गटाशी बदलून घेतात. सोसायट्यांत, तुरुंगांत, दुबईच्या मराठी घरांत त्या गेल्या. कवळाणं याच जिल्ह्यातलं. सयाजीरावांना मौज वाटली असती. दुसरीकडे पुस्तक भिशी निघाल्या आहेत. महिन्याला वर्गणी काढायची, ज्याची चिठ्ठी निघेल त्याने त्या पैशांची पुस्तकं आणायची आणि पुढच्या बैठकीत त्यांतल्या एकावर बोलायचं. माझ्या बहिणीच्या भिशीत दंडाचा नियम आहे: न वाचता नुसतं 'छान आहे' म्हटलं तर चहा आपल्याकडून. वर्षभरात सर्वांत जास्त चहा माझ्या मेव्हण्यांनी पाजला.

आमच्या वाचनालयात गेल्या वर्षी संगणक आला. चिठ्ठ्या गेल्या, पुस्तकांना बारकोड लागले. शिक्क्यांची दाटी आता काउंटरवरच्या पडद्यात असते, ती मला दिसत नाही. मात्र दाराजवळ सुतळीने बांधलेलं पेन आणि मागणीची वही अजून आहे. कुठलं पुस्तक आणावं हे सभासदांनी त्यात लिहायचं. मार्चमध्ये मी एक नाव लिहून आलो. परवा बघितलं तर पुस्तक आलेलं नाही, पण माझ्या ओळीखाली निळ्या, काळ्या आणि हिरव्या शाईत चार वेळा लिहिलेलं आहे: 'मलाही'.