दोन टिचबटणांवरची कवळी

जेवायला बसण्याआधी आई खालची कवळी काढून रुमालात गुंडाळून ठेवायची. वरची तोंडात राहायची. भाकरी दुधात कुस्करायची, काकडी किसून घ्यायची, आणि कुणी समोर असलं की तोंडावर पदर धरायची. आम्हाला वाटायचं, माप चुकलं असेल. दोनदा नवी कवळी करून घेतली. दोन्ही खाली हलायच्याच.

माप बरोबरच होतं. वरची कवळी अख्ख्या टाळूवर पसरते. मध्ये लाळेचा पातळ थर असतो आणि कडा हिरडीला घट्ट बसतात, त्यामुळे ती चिकटून राहते. खालची घोड्याच्या नालेसारखी. मधे जीभ, बाजूंना गाल, पुढे ओठ. टेकायला जागा कमी आणि ढकलणारे स्नायू तीन बाजूंनी.

त्यात हाडही झिजतं. दात असेपर्यंत चावण्याचा ताण मुळांवाटे जबड्याला मिळतो आणि हाड टिकतं. दात गेला की शरीर तो उंचवटा हळूहळू शोषून घेतं. वर्षानुवर्षं चाललेल्या निरीक्षणांत खालचा जबडा वरच्याच्या साधारण चौपट झिजलेला आढळला. म्हणून आज नीट बसलेली कवळी काही वर्षांत सैल होते.

यावरचा उपाय सापडला तो दातांच्या संशोधनातून नव्हे. १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवलेली होती. प्रयोग संपल्यावर ती निघेना. हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. टायटॅनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो, आणि शरीर त्याला परकं मानत नाही. हाडाच्या पेशी थेट त्याला लागून वाढतात. १९६५ मध्ये ब्रोनेमार्क यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. यांनाच इम्प्लांट म्हणतात. २००६ मध्ये लार्सन वारले, तोवर ते स्क्रू कामात होते.

इम्प्लांट म्हटलं की लोकांना तोंडभर स्क्रू आणि लाखांचं बिल दिसतं. खालच्या कवळीसाठी मात्र बहुतेकांना दोन पुरतात. हनुवटीच्या भागातलं हाड घट्ट असतं आणि संवेदनेची मोठी नस त्याच्या मागेच जबड्याबाहेर पडते, म्हणून तिथे काम सुरक्षित होतं. स्क्रू साधारण ४ मिलिमीटर जाड, १० मिलिमीटर लांब. हाड त्याला धरायला सहसा तीनेक महिने लागतात. मग वर छोटं बोंडूक बसवतात आणि कवळीच्या आतून नायलॉनची कडी. ब्लाउजचं टिचबटण लावतो तशी कवळी बोटांनी दाबायची, टक् आवाज येतो आणि ती बसते. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं, की खाली एकही दात नसेल तर साध्या कवळीऐवजी दोन इम्प्लांटवरच्या कवळीचा विचार आधी व्हावा. हे आपल्याकडे घरोघरी अजून पोचलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वरच्या जबड्याचं हाड मऊ असतं, तिथे सहसा निदान चार लागतात.

वय ही अडचण नाही. मधुमेह ताब्यात नसेल तर मात्र आहे. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. कितीतरी आज्या अजून मिश्री लावतात आणि तिला तंबाखूत धरतच नाहीत. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगावं. हाडं ठिसूळ झाल्याची औषधं चालू असतील तर तेही. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीच्या हिरडीत घाण साचली तर सूज येऊन हाड विरघळू लागतं, आणि ते फारसं दुखतही नाही. नायलॉनच्या कड्या झिजतात, त्या अधूनमधून बदलाव्या लागतात. तो खर्च फार नसतो. दाढांच्या जागचं हाड झिजतच राहतं, म्हणून कवळी आतून पुन्हा भरून घ्यावी लागते.

आई आता रात्री कवळी काढून वाटीभर पाण्यात ठेवते, आरशासमोर उभी राहून मऊ ब्रशने ती दोन बोंडकं घासते. मिश्रीची डबी तिने स्वतःच टाकून दिली. परवा शेंगा भाजल्या तेव्हा कूट करायला खलबत्ता काढला, तर म्हणाली, "माझ्या वाटणीच्या तशाच ठेव."