फरशीवरचा चिकटा

गणपती गेले की मखर उतरतं आणि फरशीवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचे पट्टे मागे राहतात. ओल्या फडक्याने ते हलत नाहीत, नखाने खरवडले तर त्यांच्या वळ्या होतात, आणि आठवड्याभरात धूळ बसून काळे पडतात. मग घरातला जो तो आपला उपाय सांगतो: रॉकेल, व्हिनेगर, नेलपॉलिश रिमूव्हर, खोबरेल. यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या गोंदावर चालतो आणि भलत्या जागी वापरला तर फरशीची वाट लावतो. तेव्हा बाटली उघडण्याआधी पाहायचं ते एवढंच, की हा गोंद घट्ट झाला कसा?

टेपचा गोंद मुळात घट्ट होतच नाही. रबर किंवा अॅक्रिलिकच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या शेवयांसारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात, आणि हा गुंता अतिशय दाट द्रवासारखा हळूहळू वाहत राहतो. दाब दिला की फरशीच्या बारीक खाचांत उतरतो. थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये मोटारी रंगवणाऱ्यांसाठी मास्किंग टेप काढली आणि १९३० मध्ये पारदर्शक सेलोफेन टेप. तेव्हापासून या प्रकारचा गोंद घराघरांत आला. या साखळ्यांना पाण्याचं वावडं आहे, पण तेल त्यांच्यात सहज शिरतं. ते साखळ्यांमध्ये जाऊन बसतं, गोंद फुगतो, त्याची पकड सुटते. याला वेळ लागतो, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. तेल लावून लगेच घासण्यात अर्थ नाही. खोबरेलात भिजवलेला कापूस पट्ट्यावर पंधरा-वीस मिनिटं ठेवला की तोच चिकटा प्लास्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने गोळा होऊन निघतो. उरलेलं तेल भांड्यांच्या साबणाने जातं. उंदरांसाठी ठेवतात त्या गोंदाच्या पॅडचा डागही असाच निघतो.

फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाची गोष्ट वेगळी. तो म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचे सूक्ष्म कण. पाणी उडून गेलं की कण एकमेकांत मिसळून त्यांचा पापुद्रा होतो. इथे तेल निरुपयोगी. कोमट पाण्याचं फडकं अर्धा तास ठेवा, पापुद्रा दुधाळ होऊन मऊ पडतो आणि सोलता येतो.

फेव्हिक्विक मात्र सुकत नाही, त्याची रासायनिक क्रिया होते. सायनोअॅक्रिलेट हे त्यातलं द्रव्य १९४२ मध्ये हॅरी कूव्हर यांच्या हाती लागलं. बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना हे भलतंच, दिसेल त्याला चिकटणारं द्रव्य निघालं म्हणून ते बाजूला पडलं, आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून बाजारात आलं. हवेतल्या किंवा फरशीवरच्या किंचितशा ओलाव्याने त्याच्या रेणूंच्या साखळ्या जुळतात. त्यावर उतारा अॅसिटोनचा, म्हणजे बऱ्याच नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतं त्या द्रवाचा. ओलं फेव्हिक्विक कापसाने टिपू नका: कापसावर ही क्रिया इतक्या वेगाने होते की चटका बसतो. अॅसिटोनची वाफ उणे २० अंशांनाही पेट घेऊ शकते, म्हणून देवघरातला दिवा आणि गॅस आधी बंद. आणि ब्लीचशी त्याची गाठ कधीच घालू नये, त्यातून क्लोरोफॉर्म तयार होतो.

आता फरशीकडे. व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, तिच्यावर जवळपास सगळं चालतं. संगमरवर, कोटा आणि आपली शहाबादी हे सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे दगड. त्यांवर लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की पृष्ठभाग विरघळतो आणि चकाकी जाते, ती फक्त पॉलिशवाल्याकडूनच परत येते. तेलही त्यांत मुरून काळसर डाग पाडतं. तिथे स्पिरिटचा बोळा बरा. व्हिनाइलची जमीन असेल तर अॅसिटोन तिलाच मऊ करतं.

गालिचात पंचाईत अशी की गोंदाखालीही गोंदच असतो. यंत्रावरच्या बहुतेक गालिचांत धाग्यांची मुळं पाठीमागे लेटेक्सने, म्हणजे रबरी गोंदाने, पक्की केलेली असतात. वरून अॅसिटोन किंवा थिनर ओतलं तर डाग जाईल न जाईल, खालचं लेटेक्स सुटून अस्तर वेगळं होतं. म्हणून ओतायचं नाही. पांढरं फडकं ओलं करून कडेकडून मध्याकडे टिपायचं, तेही कोपऱ्यात रंग जातो का पाहून. गोंद रबरी असेल तर आधी बर्फ लावावा. ठराविक तापमानाखाली गेला की तो काचेसारखा ठिसूळ होतो आणि बोथट सुरीने तुकडे पडतात. च्युइंगमचंही तेच. ग्लू गनचा गोंद उष्णतेने वितळतो हे खरं, पण त्यासाठी थेट इस्त्री फिरवू नका: गालिचा पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर त्याचे धागे सुमारे १६० अंशांना वितळतात.

इपॉक्सी किंवा एम-सील एकदा पक्कं झालं की त्याच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बांधल्या जातात. कुठलंही घरगुती द्रव त्या सोडवू शकत नाही. पटाशीने अलगद तासणं एवढंच हाती उरतं.

अमेरिकेत जुनं घर घेणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र पटाशीलाही आवर घालावा. तिकडे साधारण १९८० पूर्वीच्या घरांत टाइलखाली डांबरी काळा गोंद असतो, आणि त्यात अनेकदा अॅस्बेस्टॉस हे घातक तंतुमय खनिज असतं. जागेवर पडून आहे तोवर त्याचा फारसा त्रास नाही. घासलं की तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसांत जातात. तपासणी होईपर्यंत त्याला हात न लावणं उत्तम, आणि अॅस्बेस्टॉस निघालंच तर बरेचजण तो थर तसाच ठेवून वर नवी जमीन टाकतात.